सात बेचाळीसचा अंगठा

“जगांत बदलायला येत नाही अशी वस्तूच नाही. क्रम ठाऊक पाहिजे, आणि जोर लावायचा नाही. इतकेंच,” असं हंबीररावांनी रविवारी सकाळी दहाच्या सुमारास अखिल मानवजातीला उद्देशून जाहीर केलं आणि त्याच क्षणी अग्निबंबाची डावी तंगडी त्यांच्या हातात आली. अखिल मानवजात त्या वेळी क्रोमपेटमधल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, उपड्या पातेल्यावर रबराने आवळलेल्या मोबाइलच्या रूपाने हजर होती. तिने काही म्हटलं नाही. हंबीररावांनी तंगडी खुब्याच्या गोळीवर दाबून पुन्हा बसवली, टक असा आवाज आला, आणि ते गंभीरपणे म्हणाले, “हें बघा. निघते, पण मोडत नाही. म्हणजे बेस अहे.” छप्पन्नाव्या वर्षी माणसाने काय करावं याविषयी शास्त्रात बरंच लिहून ठेवलेलं आहे, पण गाडीचा माणूस आणि माणसाची गाडी होणारे वीतभर उंचीचे रोबो जमवावेत, छत्तीस पायऱ्यांत ते बदलून दाखवावेत, प्रत्येक सांध्याचा खटका लोकांना ऐकवावा आणि शेवटी दहापैकी गुण द्यावेत, याला शास्त्राचा आधार नाही आणि विरोधही नाही. हंबीररावांच्या फौजेत असे दोनशे अकरा जण होते. त्यांचे व्हिडिओ नेमाने बघणारे चारशे सत्तर. त्यांतले निम्मे रोबो बघायला येत आणि उरलेले हंबीररावांची तंजावरी मराठी ऐकायला. पुण्याच्या एकाने विचारलं होतं, “काका, हे मराठी तुम्ही शिलालेखावरून शिकलात का?” हंबीररावांनी उत्तर दिलं होतं, “नाही. आईकडून.” मात्र त्यांचा एक नियम होता: अभिप्राय मराठीतच हवा, तोही निर्भेळ. ‘सुपर्ब रिव्ह्यू अंकल’ असं लिहिणाऱ्याला ते ताबडतोब विचारत की ह्या तिहींतला मराठी शब्द कोणता. स्वतः ते बोलताना ‘ठीक’साठी ‘सरि’ म्हणत, ‘पुरे’साठी ‘पोदुम’ म्हणत, ‘कंपनी बस’ म्हणत. पण ते त्यांच्या घरचे शब्द होते, आणि घरच्यांना कोणी पास मागत नाही.

अग्निबंबाला साडेसात गुण मिळाले. व्हिडिओ चढवून हंबीरराव जेवले, झोपले, आणि सोमवारी पहाटे नेहमीप्रमाणे ओरगडमच्या कंपनी बसमध्ये डावीकडच्या खिडकीशी बसले. बस तांबरम ओलांडत होती तेव्हा त्यांनी फोन काढला. अभिप्राय एकच होता. निधी नावाच्या कुणा बाईचा, नावाशेजारी पिवळ्या मांजराचा फोटो. “सर, ७:४२ ला तुमचा अंगठा कापतोय. हल्लीच्या सगळ्याच व्हिडिओत. याआधी कुणी सांगितलं नाही का?”

बसचा पंखा फिरत होता. मागच्या बाकावर कुणीतरी तोंड उघडं टाकून झोपलं होतं. हंबीररावांनी फोन उजव्या हातातून डाव्या हातात घेतला, जणू उजव्याने ते वाचायला नको होतं, आणि उजवा हात पँटच्या खिशात घातला. खिशात तो गप्प होता. पण गप्प बसलेल्या माणसावर जसा आपला विश्वास बसत नाही तसा त्यांचा त्या हातावर बसेना. मांडीच्या कापडाला अंगठा टेकलेला होता आणि कापडातून काहीतरी बारीकसं येत होतं. बसच्या इंजिनाचं असेल, रस्त्याचं असेल. बस सिग्नलला थांबली. ते येतच राहिलं. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं नव्हतं, ही गोष्ट खरी; पण त्याने ते बंद करावं असं हंबीररावांना इतक्या तळमळीने कधी वाटलं नव्हतं. त्यांच्या पप्पांनाही आधी पंखाच वाटायचा. “पंखा कमी कर रे, कागद हालतोय.” मग टेबल. टेबलाच्या पायाखाली घालायला पुठ्ठ्याच्या घड्या. मग पेरांबूरच्या घरामागून जाणारी मालगाडी. दोन वर्षं जगातली प्रत्येक वस्तू हलत होती, एक पप्पा सोडून. पप्पा, म्हणजे मानाजीराव, रेल्वेच्या डब्यांच्या कारखान्यात नकाशे काढायचे. त्यांनी हाताने ओढलेली रेघ बघायला इतर विभागांतून माणसं येत. हंबीररावांच्या लग्नाच्या पत्रिकेमागे एग्मोर स्टेशनापासून कार्यालयापर्यंतचा नकाशा त्यांनीच काढला होता. तो रस्ता खरा तर नाकासमोर सरळ जातो. पत्रिकेवर तो नागासारखा वळवळत गेला होता. तंजावरहून आलेले एक काका त्या नकाशाबरहुकूम प्रत्येक वळण शोधत चिंताद्रीपेटपर्यंत पोचले आणि मुहूर्त टळल्यावर जेवायला आले. मांडवात केवढं हसले होते सगळे. पप्पा सर्वांत मोठ्याने. उजवा हात उपरण्याखाली होता. हंबीररावांनी बाशिंगाच्या आडून तो बघितला होता आणि बघितला नाही असं ठरवलं होतं. नवरदेवाला त्या दिवशी बऱ्याच गोष्टी न बघण्याची मुभा असते.

ओरगडमच्या त्या ट्रकच्या कारखान्यात हंबीररावांचं काम अंगठ्याचं होतं. हुद्दा लांबलचक होता, पण काम एवढंच: केबिनचं दार बंद झालं की दार आणि चौकट यांच्यामधल्या फटीवरून वरून खाली अंगठा फिरवायचा. एक कड दुसरीपेक्षा केसभर वर असली की अंगठ्याला कळतं. त्यासाठी आता लाल उजेड पाडणारं यंत्र आलं होतं, आणि यंत्राने पास केलेलं दार अजूनही शेवटी हंबीररावांच्या अंगठ्याखालून जात होतं; कारण यंत्र चुकत नाही हे सर्वांना मान्य असलं तरी यंत्रावर रागावता येत नाही. त्या सोमवारी पहिल्याच दारावर अंगठा ठेवला आणि ते थबकले. कड वर होती. खाली सरकले, कड खाली होती. पुन्हा वर. दार थरथरतंय, की आपण? त्यांनी दार परत पाठवलं. दुसरंही पाठवलं. सिमेंटच्या जमिनीवर उभं असलेलं साडेतीन टनांचं धूड थरथरत नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि तरी प्रत्येक दाराशी ते मनातल्या मनात त्याची विनवणी करत होते, की बाबा, तूच हलतोयस असं म्हण.

जेवणाच्या सुट्टीआधी कृष्णकांत आला. तो नागपूरकडचा, हंबीररावांपेक्षा दहा वर्षांनी लहान, लाइनीचा प्रमुख. “हंबीर सर, सकाळपासून अकरा दारं परत? यंत्र म्हणते सगळे ठीक आहेत.”

“यंत्राला अंगठा नाही.”

“तेच तर म्हणतो. म्हणून त्याचं बीपी वाढत नाही. बरं नाही का सर? बसा थोडं. आज मी बघून घेतो.”

“कशाला? मला काय झालें?” हंबीरराव इतक्या जोराने म्हणाले की तीन माणसांनी मागे वळून बघितलं. कृष्णकांत हसला, पण जाताना त्यांच्या हाताकडे त्याने बघितलं, किंवा बघितलं नसेल. हात खिशात होता, आणि खिशात घातलेल्या हाताकडेच लोक बघतात. हे पप्पांना कळायला दोन वर्षं लागली होती. हंबीररावांना अर्ध्या दिवसात कळलं. एवढी प्रगती वंशात झाली होती.

संध्याकाळी मीनाक्षीने दार उघडलं. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात ती नवऱ्याच्या चेहऱ्याकडे फारसं बघत नसे, कारण त्यावर काही लिहिलेलं नसे. ती त्याच्या हातांकडे बघे. हातांत खोका असला तर फौजेत भरती झालेली असे.

“खिशांत काय अहे?”

“कांही नाही.”

“नवा आणलांत. खिशांत मावणारा अहे म्हणजे लहान अहे. लहान असला तरी मोठ्याइतकीच जागा खातो, ठाऊक अहे मला. काढा बाहेर.”

“अय्यो, कांही नाही म्हटलें कीं.”

“मग हात काढा.”

हंबीररावांनी हात काढला, रिकामा, आणि पुन्हा घातला. मीनाक्षीने त्याकडे क्षणभर बघितलं आणि आत जाऊन कॉफी आणली. पितळी दवऱ्यात, म्हणजे बसक्या वाटीत, ठेवलेला टंबलर, काठाशी फेस. एरवी ते तो उचलून दोन हात उंचावरून दवऱ्यात ओतत, पुन्हा टंबलरात, फेस चढेपर्यंत. मद्रासात जन्मलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. आज त्यांनी दवरा तसाच खाली ठेवला आणि टंबलर दोन्ही तळव्यांत धरून, लहान मूल दूध पितं तसा, प्यायले. पितळेवर पितळ वाजलं की आवाज होतो. पप्पांच्या शेवटच्या वर्षांत घरभर तो आवाज असे. सकाळी सहाला आणि दुपारी चारला, बारीक, घाईघाईचा, दूरच्या देवळात कुणीतरी एकटाच घंटा वाजवत असल्यासारखा. “आज असें कां?” मीनाक्षी म्हणाली. “फार गरम अहे,” ते म्हणाले. गरम टंबलर माणूस दोन्ही तळव्यांत धरत नाही, हे बोलून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं. 

मंगळवारपासून त्यांनी स्वतःची तपासणी सुरू केली. बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, न्हाणीघरात नळ सोडून. सात बेचाळीस. तिथे अग्निबंबाच्या शिरस्त्राणामागचा खटका अंगठ्याने दाबायचा असतो, एकोणतिसावी पायरी. त्यांनी चित्र थांबवलं, मोठं केलं. पडद्याच्या उजव्या कडेला अंगठा होता. पुरता नव्हता, अर्धाच, नखाचा चंद्र तेवढा दिसत होता, आणि खटका दाबताना तो चंद्र आत आला, बाहेर गेला, आत आला, बाहेर गेला. दिसतो तो अर्धा इतका हलतोय, तर बाहेरचा अर्धा काय करत असेल? ते मागे मागे गेले. मागच्या आठवड्यातला खोदकाम-यंत्राचा रोबो: तोच चंद्र, तसाच. त्याच्या आधीचं विमान. त्याच्या आधीची रुग्णवाहिका. एखाद्या मालाच्या खेपेत दोष निघाला की कारखान्यात हेच करतात. मागे मागे जायचं, पहिलं नासकं दार सापडेपर्यंत. पण माल परत मागवता येतो. ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारचा व्हिडिओ पहिला नासका निघाला. त्याआधीच्या व्हिडिओंत अंगठा अख्खा होता, जाडजूड, शांत, गुळाच्या ढेपेसारखा, चित्राच्या मधोमध. हंबीररावांनी त्या जुन्या अंगठ्याकडे इतका वेळ बघितलं की ते दुसऱ्याच कुणाचा तरी फोटो बघत असल्यासारखे हळवे झाले. तो माणूस, जुलैमधला, किती बेफिकीर होता. दहापैकी आठ गुण सहज देऊन टाकत होता.

बुधवारी त्यांनी त्या बाईंना निरोप पाठवला. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. शेवटी एकच शब्द गेला: “कधींपासून?”

उत्तर लगेच आलं. “ऑगस्टपासून सर. आधीचे सगळे नीट आहेत.”

म्हणजे तिलाही तोच ऑगस्ट सापडला होता.  दोन तपासनीस स्वतंत्रपणे एकाच दाराशी आले की त्या दाराचं भवितव्य ठरलेलं असतं. त्यांनी विचारलं, “डावाही काय?”

“डावा अजून ठीक आहे. उजवाच. आणि मागच्या तीनमध्ये फार वाढलंय. लोकांच्या लक्षात येत नाही, ते रोबोकडे बघतात. आमचं कामच हे, त्यामुळे नजर तिकडेच जाते.”

आमचं कामच हे. त्यांनी मांजराच्या फोटोवर बोट ठेवलं. नावाखाली एक ओळ होती: ‘मोशन, अंबत्तूर’. मोशन म्हणजे हालचाल. हालचालींचा दवाखाना. अंबत्तूरला हल्ली काय नाही? खिळ्यापासून संगणकापर्यंत सगळं तिथे होतं, एक हालचालींचा दवाखानाही असणारच. तर डॉक्टरीणबाई. आपल्याला रविवारी फुरसतीत बघतात, आणि बघता बघता रोग दिसला तो न मागता सांगतात. पैसे मागत नाहीत, घाबरवत नाहीत. पप्पांना असं कुणी भेटलं नाही. त्यांना जो भेटला त्याने कागदावर तीन गोळ्या लिहिल्या आणि बोट वर, छताकडे केलं.

“उपाय अहे काय?” त्यांनी विचारलं, आणि फोन उपडा ठेवला. सुलटा केला तेव्हा उत्तर आलेलं होतं.

“अहो सोपं आहे सर! पाच मिनिटांचं काम. पण लिहून सांगता येणार नाही, समोर बसून बघावं लागेल. शनिवारी येऊ का? तुमची फौजही बघायला मिळेल. :)”

पाच मिनिटं. मेंदूला पाच मिनिटांत काय करतात? तारा घालतात असं त्यांनी वाचलं होतं. आणि बाईंनी शेवटी हसरं तोंड काढलं होतं. डॉक्टर रोग्यापुढे कधी हसतात ते हंबीररावांना ठाऊक होतं. दोनच वेळा, रोग नसला म्हणजे, आणि रोगाचं काहीही करण्यासारखं उरलं नाही म्हणजे. ऑगस्टपासून वाढत चाललेला रोग नाहीच, असं म्हणायला जागा नव्हती. ते ‘या’ म्हणाले.

ते दोन दिवस कसे गेले याविषयी फारसं सांगण्यासारखं नाही, कारण बाहेरून बघणाऱ्याला काहीच दिसलं नसतं. हंबीरराव बसने गेले, बसने आले. सही करताना त्यांनी आडनाव गाळलं. भाताचा घास उचलताना चार बोटं पुढे, अंगठा मागे, आणि अंगठा ढकलतो तेव्हा घास तोंडात जातो, ही गोष्ट छप्पन्न वर्षांत प्रथमच त्यांच्या लक्षात आली, आणि लक्षात आल्याबरोबर घास ताटात पडला. रात्री कपाटाच्या काचेआड दोनशे अकरा जण ओळीने उभे होते. कुणाचा हात वर, कुणाचा गुडघा वाकलेला, ठेवला तसा. खटक्याच्या सांध्याचा गुणच तो, जिथे थांबवाल तिथे थांबतो. अशा एकाला लेकीसाठी, सौम्यासाठी, म्हणून त्यांनी पहिल्यांदा घरात आणलं होतं, ती तीन वर्षांची असताना. सौम्याने त्याला एकदा चाटून सोडून दिलं. पप्पांनी मात्र तो हातात घेतला, आणि तो पप्पांच्या हातात चालू झाला. गुडघे, कोपरं, मान, सगळे सांधे खटखट खटखट वाजायला लागले, एवढासा निळा माणूस थंडी वाजून आल्यासारखा. पप्पा कौतुकाने बघत राहिले. “ह्याला चावी कुठें अहे?” त्यांनी विचारलं. हंबीररावांनी तो त्यांच्या हातातून काढून घेतला, सांधे घट्ट आहेत का बघायला म्हणून, आणि परत दिला नाही. तेव्हापासून ते सांधे घट्ट आहेत का तेच बघत आले होते. दहापैकी दहा त्यांनी अजून कुणालाही दिले नव्हते.

शनिवारी दुपारी मीनाक्षीला टी. नगरला जायचं होतं, भाचीच्या साडीला जुळणारं अस्तर आणायला. अस्तर जुळवणं म्हणजे किमान तीन तास, हा हिशेब हंबीररावांनी धरला होता. ती पायऱ्या उतरली आणि पंधरा मिनिटांत निधी स्कूटरवरून आली. तिशीतली, खांद्याला मोठी पिशवी, बोलण्यात घाई. वडील आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात होते, ती इथेच वाढली. घरात मराठी, बाहेर तमिळ आणि डोक्यात इंग्रजी, अशी तिने स्वतःची ओळख करून दिली. “मराठी चुकलं तर रागावू नका हं काका. तुम्ही व्हिडिओत फार रागावता.” कपाटासमोर ती लहान मुलीसारखी उभी राहिली. “अय्यो, हा पाणबुडीवाला! हा कुठंच मिळत नाही!” हंबीरराव कोरडं हसले. एरवी त्यांनी पाणबुडीवाल्याचा जन्मवृत्तान्त अर्धा तास सांगितला असता. आज त्यांना वाटलं, डॉक्टर आधी असंच मुलाबाळांचं विचारतात.

“सुरू करायचं?” निधी म्हणाली. “नेहमीसारखं बसा. नेहमीचीच जागा, नेहमीचं टेबल, अग्निबंब घ्या. माझ्याकडे लक्ष देऊ नका. मी फक्त बघते.”

ते बसले. अग्निबंब हातात घेतला. शिडी वर, पाण्याची टाकी मागे, दारं उघडून खांद्यांशी. पहिल्या दहा पायऱ्या हात आपोआप करत गेले. निधी टेबलाच्या पलीकडे वाकून फोनच्या पडद्याकडे बघत होती आणि मधूनमधून ‘हं’ म्हणत होती. प्रत्येक ‘हं’ त्यांच्या मानेवर पडत होता. अठरा. एकोणीस. तळव्याला घाम सुटला, प्लॅस्टिक निसरडं झालं. पंखा चालू होता. तो बंद करा असं सांगण्याची अनावर इच्छा त्यांनी दाबली. सत्तावीस, अठ्ठावीस. अंगठा शिरस्त्राणामागे गेला, खटक्यावर टेकला, आणि ते थांबले.

“दाबा की,” निधी म्हणाली. “हां. आता थांबा. बघा, इथं. इथंच कापतोय.”

हंबीररावांनी डोळे मिटले. भीती होती ती गेली आणि तिच्या जागी एक मोठी, शांत, रिकामी खोली उघडली. “सांगून टाका, डॉक्टर,” ते म्हणाले. “भिऊं नका. माझ्या वडलांना होतें हेंच.”

“डॉक्टर?” निधी हसली, तिला ती थट्टा वाटली. “वडीलही व्हिडिओ करायचे?”

“पहिल्यांदा अंगठाच. मग पंजा. मग अख्खा हात.”

“अख्खा हात कापायचा?”

“शेवटीं मान.”

“मानसुद्धा?” निधी खरोखर हळहळली. “मग कुणीतरी स्टँड मागं घ्यायला हवं होतं ना काका.”

 हंबीररावांनी डोळे उघडले. निधीच्या चेहऱ्यावर निखळ, निरोगी कुतूहल होतं. तारा घालणाऱ्या माणसाचा चेहरा तसा नसतो. तिने फोन पातेल्यासकट त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर चौकट होती, चौकटीत अग्निबंब होता, आणि चौकटीच्या उजव्या कडेने त्यांचा अंगठा मधोमध चिरून अर्धा आत, अर्धा बाहेर ठेवला होता. “हे. कापतोय ना इथं. कॅमेरा. मी आधी ‘कट होतोय’ लिहिलं होतं. मग आठवलं, तुम्हाला इंग्रजी चालत नाही. म्हणून पुसून ‘कापतोय’ लिहिलं. शुद्ध. आमच्या ऑफिसात दिवसभर हेच, मोशन, म्हणजे जाहिरातींतली हलती चित्रं. ऑगस्टमध्ये स्टँड बदललं का तुम्ही?”

ऑगस्टमध्ये सौम्या नव्या संसाराला होसूरला गेली होती आणि जाताना मोठं इडलीपात्र घेऊन गेली होती. तेव्हापासून त्यावरची मानवजात आखूड पातेल्यावर बसत होती. हे हंबीररावांनी सांगितलं नाही. ते त्या शब्दाकडे बघत होते. त्यांच्या घरात भाजी चिरतात, केस कातरतात, कापड फाडतात, दोरा तोडतात. तीनशे वर्षं त्या घरात कापत, म्हणजे थरथरत, आला तो फक्त माणूस. त्यांना हसू यायला हवं होतं, ते येण्याच्या बेतातही होतं. पण हातात काहीतरी वाजत होतं. खटखट खटखट, अगदी बारीक. अग्निबंबाची शिडी, दारं, गुडघे. निधीनेही ते ऐकलं आणि आता ती प्रथमच पडद्याऐवजी हाताकडे बघत होती. आठवडाभर कापतो कापतो म्हणून ज्याची वाट बघितली तो, कापत नाही असं सिद्ध झाल्यावर, कापत होता. कंप घाबरल्याचा असेल. सुटका झाल्याचा असेल. वडलांचा असेल. यांतला कुठला हे सांगणारं यंत्र अजून ओरगडमला आलेलं नव्हतं.

“मामंजींचें काय चाललें इथें?”

दारात मीनाक्षी उभी होती. तिच्या हातात अस्तर नव्हतं, केळीच्या पानात बांधलेली फुलांची पुडी तेवढी होती. ती केव्हापासून उभी होती हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं, बरीच आधीपासून. निधी म्हणाली, “नमस्कार काकू. मी पाणी घेते हं,” आणि स्वयंपाकघर कुठे आहे हे न विचारता त्या दिशेने गेली.

“तूं टी. नगरला...”

“बस थांब्यावर बसलें. तीन बसी सोडल्या. परत आलें.” मीनाक्षी खुर्चीवर बसली. “सोमवारपासून टंबलर दोन्ही हातांनी धरतां तुम्ही. मला काय दिसत नाही?”

“तें कांही नाही. तो एक शब्द, मीनाक्षी, मी चुकीचा वाचला. कापतो म्हणजे...”

“ऐकलें मी सगळें. इतके दिवस डोळ्याला डोळा नाही माझ्या, आणि तुम्ही शब्द वाचत होतां.” तिने पुडी मांडीवर ठेवली. “मामंजींचा टंबलर मी अर्धा भरीत होतें. ठाऊक अहे तुम्हांला? नवी सून होतें, तुमच्या आधीं मला दिसलें. सांडायला नको, कोणाला कळायला नको, म्हणून अर्धा. त्यांना कळत होतें. कधीं बोलले नाहीत. रिकामा टंबलर माझ्या हातांतच द्यायचे, खालीं ठेवीत नव्हते.”

 अंगठा खटक्यावरच होता. हंबीररावांनी विचारलं, “आणि माझा?”

“तुमचा? तुमचा काठोकाठ भरतें. मामंजी गेले त्या दिवसापासून. एकोणीस वर्षं, दिवसाला दोन वेळां. तुम्ही ओततां दोन हात वरून, आणि मी दाराआडून बघतें. सांडला नाही कीं आंत जाऊन भाजी चिरतें. अजून एक थेंब सांडला नाही. ह्या आठवड्यांत ओतलाच नाही तुम्ही.”

कारखान्यात रोज पन्नास दारांवरून अंगठा फिरवणाऱ्या त्या माणसाला एकोणीस वर्षांत चौदा हजार वेळा कुणीतरी तपासून पास केलं होतं, आणि त्याला वाटत आलं होतं की बायको कॉफी जरा जास्तच भरते. आत निधी तिसऱ्यांदा पेला विसळत होती. हंबीररावांना वाटलं, आता काहीतरी बोललं पाहिजे, मोठं, माणसाविषयी, सांध्यांविषयी, एका माणसाने दुसऱ्याला धरून ठेवण्याविषयी, असं काहीतरी की जे आजवर कुणी बोललं नसेल. त्यांनी अग्निबंब खाली ठेवला, घसा खाकरला, उजवा हात टेबलावर मोकळा पसरला, आणि म्हणाले, “मीनाक्षी, जगांत...”

“तें मागून सांगा,” मीनाक्षी म्हणाली आणि मांडीवरची पुडी त्यांच्यापुढे केली. “आधीं ही गांठ तेवढी सोडून द्या. चष्मा नाही माझ्याकडे.”